बसल्या जागी गृहभेट

शिवरंजनीची करंगळी घसरली. जेवताना बाकीची बोटं भाकरीच्या कामात असतात, मोबाईल सरकवायला माणसाजवळ करंगळीच उरते, आणि आजवर तिनं कधी दगा दिला नव्हता. पण आज डब्यात कारळाची चटणी होती, चटणीवर तेल सढळ होतं, आणि स्क्रीनवर कोंडाबाई जिलेबी खात होती. जिलेबी खरंच पोटात जातेय की नुसती ओठाला लागतेय हे शिवरंजनीला नीट बघायचं होतं. तिनं चित्र थांबवायला करंगळी टेकली, ती घसरली, पुन्हा टेकली, आणि कोंडाबाईच्या तोंडावर हा एवढा मोठा लाल बदाम उमटला. ‘अगं बाई!’ शिवरंजनी मोठ्यानं म्हणाली. समोरच्या टेबलावरून मंजुषानं मान वर केली. ‘काय झालं मॅडम?’ ‘काही नाही. ठसका लागला.’ ठसका बिसका काही नव्हता. तिनं घाईघाईनं पुन्हा बोट लावून तो बदाम पुसला, मोबाईल पालथा घातला आणि त्या पालथ्या मोबाईलकडं बघत घास चावत राहिली. बदाम पुसला म्हणून काय झालं? तो उमटला त्याच क्षणी तिकडं चुडाव्याला एका घरात मोबाईल वाजला असणार, आणि वाजलेलं काही परत घेता येत नाही. बरं, रील कालपरवाचं असतं तर गोष्ट वेगळी. ते मागच्या दिवाळीचं होतं. मागच्या दिवाळीच्या जिलेबीपर्यंत पोचायचं तर मधला पोळा, पेरणी, उन्हाळा, मेंढरांची कातरणी हे सगळं वर सारत खाली खाली उकरत जावं लागतं. सहज जाता जाता कुणी तिथं पोचत नाही.

आणि बदाम कुणी दिला तेही तिकडं स्पष्ट दिसणार होतं. दुसऱ्या बायकांची अकाउंटं कशी असतात, गुलाबाचं फूल, नाहीतर लेकराचा फोटो, नाव कुठलंतरी. शिवरंजनीचं तसं नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष व्यंकटराव यांनी मागे बैठकीत फर्मान काढलं होतं की प्रत्येक कर्मचाऱ्यानं आपल्या खात्यावर संस्थेचं नाव टाकायचं, पत्ता टाकायचा आणि पाटीखाली उभं राहून काढलेला फोटो लावायचा. ‘आपण काम करतो ते दिसलं पाहिजे, मॅडम. न दिसलेलं काम म्हणजे न केलेलं काम.’ त्यामुळं ही रीलं टाकणाऱ्या कोंडाबाईच्या सुनेला आता काय दिसलं असेल, तर ‘शिवरंजनी, समुपदेशक, महिला सल्ला केंद्र, स्टेशन रोड, परभणी’, आणि पाटीखाली हसरी शिवरंजनी. ज्या केंद्राचं नाव त्या घरात चुकूनही निघू नये म्हणून कोंडाबाईनं देवाची शपथ घातली होती, त्या केंद्रानं तिच्या घरात पत्त्यासकट बदाम टाकला होता. डबा तसाच झाकून शिवरंजनी हात धुवायला उठली आणि नळ सोडून बराच वेळ नुसती उभीच राहिली.

कोंडाबाई दर गुरुवारी यायची. चुडाव्याहून पॅसेंजर धरायची, घरी सांगायची की डोळ्यांच्या दवाखान्यात जाते, आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून थेंबांची बाटली कमरेच्या पिशवीत ठेवायची. डोळे तिचे ठणठणीत होते. रस्त्यापलीकडच्या दुकानात कुणी उधारीवरून भांडत असेल तर त्याच्या शर्टाचं बटण तुटलंय हे ती इथून सांगायची. खुर्चीवर मांडी घालून बसायची, आणि बसली की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘म्याडम, घरात मला कुनी जेवाय घालत न्हाई.’ लेक मल्हारी मेंढरं घेऊन येलदरीच्या अंगाला गेलेला, वर्षातले कितीतरी महिने त्याचं बिऱ्हाड पाठीवर. घरात सासू आणि सून रुपाली. शिवरंजनीनं पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, मी घरी येते, सुनेशी बोलते, त्याला गृहभेट म्हणतात. कोंडाबाई खुर्चीतून अर्धी उठली होती. ‘न्हाई माय, घरला येऊ नगंस. तिला कळलं तर माजं हितं येनं बंद करंल. मंग मी कुटं बोलू? मेंढरं बी घरी न्हाईत.’ हे शेवटचं वाक्य ती विनोद म्हणून बोलली नव्हती, तरी शिवरंजनीला त्या दिवशी घरी जाऊन स्वयंपाक करताना ते आठवून हसू आलं होतं आणि मग हसल्याची लाज वाटली होती.

तर घरी यायचं नाही म्हणून बजावणाऱ्या बाईच्या घरात शिवरंजनी मोबाईलवरून शिरली. बसल्या जागी गृहभेट. ना एसटीची धूळ, ना कुत्री अंगावर, ना चहाला नाही म्हणायची पंचाईत. रुपालीचं अकाउंट सापडायला वेळ लागला नाही. ‘मेंढरंवाली सूनबाई’ अशा नावानं ते चालत होतं आणि हजारो लोक ते बघत होते. शिवरंजनीनं बघितलं तर काय? तिथं कोंडाबाई भाकरी खात होती, पुरणपोळी खात होती, आमरस ओरपत होती. सून घास मोडून तोंडात घालत होती आणि म्हातारी ‘माझं बाळ गं’ म्हणून तिच्या गालावरून हात फिरवत होती. मागं गाणं. खाली लोकांचे हात जोडलेले. एका रीलात तर सुनेनं घास घातला आणि म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते बघून शिवरंजनीच्याही आलं होतं. आणि डोळे पुसता पुसताच तिच्या मनात आलं, म्हणजे ही बाई मला बनवतेय. गेल्या गुरुवारी ती कोंडाबाईशी जरा तुटकच वागली. ‘मावशी, इथं खरं सांगायचं असतं,’ असं म्हणाली, आणि म्हणताना आपण फार सभ्यपणे बोलतोय असं तिला वाटलं होतं. कोंडाबाई लवकर उठून गेली. शिवरंजनीला त्याचंही काही वाटलं नाही. उलट पुरावा अजून भक्कम करावा म्हणून आज डबा खाता खाता ती दिवाळीपर्यंत उकरत गेली होती, आणि मग हे.

डोकावायची खोड तिची जुनीच. गंगाखेडात त्यांचं घर आणि शेजारच्या गंगम्माचं घर यांच्यामध्ये एक पत्रा होता आणि पत्र्याला वर फट होती. गंगम्माकडं नवी सून आली तेव्हा शिवरंजनी शेंगांच्या पोत्यावर चढून त्या फटीला डोळा लावून उभी राहायची. नवी सून काय करते? काही नाही, चूल फुंकते, नाक पुसते. पण तेच बघायला इतकं गोड वाटायचं, कारण तिला ठाऊक नव्हतं की कुणी बघतंय. पत्र्याचा तापलेला वास, पोत्यातल्या शेंगा पायाखाली करकरणाऱ्या, आणि छातीत कसलीतरी धडधड. एकदा नव्या सुनेनं गूळ चोरून खाल्ला आणि शिवरंजनीला फिस्सकन हसू आलं. झालं! गंगम्मा पत्र्यावर लाटणं आपटत आली. वडिलांनी, सांबप्पांनी, तिला मारलं नाही. ते किराणा दुकानात गल्ल्यावर बसत, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत, आणि सगळं गाव त्यांच्याशी हळू आवाजात बोलायचं. कुणाकडं सोयरिक मोडली, कुणाच्या घरी दोन दोन चुली झाल्या, सगळं त्यांना आधी कळे. पण या कानाचं त्या कानाला नाही. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, ‘लोक आपणहून सांगतात ते ऐकावं. बाकीचं बघितलं तरी बघितलं नाही म्हणावं.’ पुढं समाजकार्याच्या कॉलेजात हेच एका जाड पुस्तकातून शिकवलं. गोपनीयता हा धडा सरांनी नेमका शेवटच्या तासाला घेतला होता आणि अर्धा वर्ग बस चुकेल म्हणून चपला पायात घालून बसला होता. त्या पुस्तकात कपाटाला कुलूप लावा असं लिहिलं होतं. करंगळीबद्दल काही नव्हतं.

हात पुसत ती जागेवर आली आणि तिला एक युक्ती सुचली. माणूस घाबरला की त्याला ज्या युक्त्या सुचतात त्यांच्यातलीच ती. एकच बदाम दिला तर तो डोळ्यांवर येतो. मग पुष्कळ दिले तर? आपण मेंढरांच्याच शौकीन आहोत असं दिसलं तर? तिनं तो पुसलेला बदाम पुन्हा दिला, रुपालीच्या पाच-सहा रीलांना अजून दिले, आणि मग मेंढरं जिथं जिथं दिसतील तिथं तिथं देत सुटली. सांगलीची मेंढरं, राजस्थानची मेंढरं, परदेशातली पांढरीशुभ्र गुबगुबीत मेंढरं, जंताचं औषध, लोकर कातरायचं यंत्र. संध्याकाळपर्यंत तिच्या मोबाईलवर दुसरं काही येईचना. जेवणं झाल्यावर नवरा बसवेश्वर, मोंढ्यात आडत करणारा साधा शांत माणूस, तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, ‘काय गं, बोकड-मेंढराच्या धंद्यात उतरायचंय काय? आपण लिंगायत आहोत, लोक काय म्हणतील?’ ‘केसचा अभ्यास चालूय,’ ती म्हणाली. बसवेश्वरानं एका एडक्याकडं जरा वेळ बघितलं. ‘कठीण केस दिसतेय,’ म्हणाला आणि झोपायला गेला. तेवढ्यात मोबाईल किणकिणला. मेंढरंवाली सूनबाई आता शिवरंजनीला फॉलो करू लागली होती. खाली निरोप होता, ‘ताई तुमी आमच्या फॅन हाव का? लय भारी वाटलं. येवढ्या शिकलेल्या बाई आमाला बगतेत.’ शिवरंजनीनं तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला. त्यात संशयाचा मागमूस नव्हता, नुसता आनंद होता, आणि त्या आनंदानं तिला जास्तच चोरट्यासारखं झालं.

सकाळी ती केंद्रात आली तेव्हा गुरुवार होता, आणि कोंडाबाई तिच्या आधी येऊन खोलीत खुर्चीवर मांडी घालून बसलेली होती. शिवरंजनी दारातच थबकली. आता हिला सांगावं की न सांगावं? सांगितलं तर ही उठून जाईल, पुन्हा यायची नाही, आणि न सांगितलं तर आज ना उद्या सून बोलता बोलता घरात नाव काढेल, ‘परभणीच्या त्या सल्ला केंद्राच्या बाई,’ आणि म्हातारीचं तोंड पडलं की सगळं उघडं होईल. तिचा हा विचार संपायच्या आत मागून व्यंकटरावांनी तिला बाहेरच्या टेबलाशी बोलावलं. पांढरा सदरा, हातात मोबाईल, चेहऱ्यावर लग्नघरातली धन्यता. ‘मॅडम, अभिनंदन! तुम्ही शेवटी सोशल मीडियावर सक्रिय झालात. रात्री सगळं बघितलं मी. मेंढ्यांचं जरा जास्त झालं, पण विषय ग्रामीण आहे, चालेल. आणि ती सूनबाई! काय तिचे फॉलोअर्स! आपल्या संस्थेला इतक्या वर्षांत तेवढी माणसं दिसली नाहीत. सकाळीच मी तिला संस्थेच्या पानावरून निरोप टाकला, आमच्या केंद्रात या, सासू-सुनेच्या प्रेमावर चार शब्द बोला, आपण यशोगाथा करू. लगेच उत्तर! जीप धरून निघालीसुद्धा ती.’ शिवरंजनीनं घाईनं खोलीच्या दाराकडं बघितलं. ‘आज?’ ‘आत्ता! गुरुवारी मी असतो ना.’ मंजुषा लगेच खिडकीचा पडदा बाजूला करून उजेड कुठून चांगला येतो ते बघू लागली.

शिवरंजनी खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. ‘मावशी, उठा. आजच्या दिवस जा तुम्ही. मागच्या दारानं जा.’ कोंडाबाई हलली नाही. ‘काऊन?’ मग शिवरंजनीनं सांगितलं. उभ्या उभ्याच, हातातली पर्स खाली न ठेवता, एका दमात. की मावशी, तुम्ही घरी येऊ नको म्हणालात, पण मी मोबाईलवरून तुमचं घर बघितलं. तुमची सगळी रीलं बघितली, तुम्हाला न विचारता. त्यात माझं बोट लागलं, तुमच्या सुनेला माझं नाव कळलं, आणि आता ती इथं यायला निघालीय. माझी चूक आहे. असं करायला नको होतं. एवढं बोलून ती थांबली, आणि कोंडाबाई आता रडेल, नाहीतर शिव्या देईल, यांपैकी जे होईल ते खाली मान घालून सोसायचं असं तिनं ठरवलं. कोंडाबाई पुढं वाकली. ‘कशी दिसते मी?’

‘काय?’

‘मोबाईलात गं. लय काळी दिसते का? ती रुपी मनते उनात बसा, मी मनते उनात तोंड बारीक हुतंय. जिलबीचं बगितलंस का? त्यात लुगडं नवं हाय.’ शिवरंजनीनं मान डोलवली. छान दिसता, असं काहीतरी ती पुटपुटली, आणि तिला एवढं हलकं वाटलं की खुर्ची ओढून ती बसलीच. सुटले, असं तिच्या मनानं म्हटलंसुद्धा. तेव्हा कोंडाबाई म्हणाली, ‘समद्या दुनियेनं बगितलंय, तू बगितलंस त्याचं काय एवढं? पन मला एक सांग. मी हितं बसून तुला मनले जेवाय घालत न्हाईत, आन मोबाईलात तू बगितलंस मी खायलेय. मंग तू खरं कुनाचं धरलंस?’ ‘मोबाईलचंच की,’ कोंडाबाईनंच उत्तर दिलं. ‘गेल्या बारीला तू मला च्या इचारला न्हाईस, तवाच वळखलं मी. मनलं, गेली ही बी.’ ती रागावली नव्हती, आणि तेच शिवरंजनीला सोसवेना. रागावली असती तर उत्तर देता आलं असतं, समुपदेशनाच्या भाषेत काहीतरी गुळगुळीत बोलता आलं असतं. तिनं हळूच विचारलं, ‘मग खरं काय आहे मावशी? जेवायला देते ना ती?’ ‘देते की! चांगलं देते. पन दाखवून देते. एक घास धा बाऱ्या तोंडाजवळ. उजेड गेला, पुन्यांदा. कोंबडी आडवी आली, पुन्यांदा. तवर भाकर थंड. तिचं रील झालं की ती उठली, तिकडं बसून मोबाईल बगायली. मी हिकडं एकली गिळायली. त्याला जेवाय घालनं मनतेत का?’ बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. शिवरंजनी ताडकन उठली. ‘मावशी, अजून वेळ आहे, मागच्या दारानं...’ ‘मी काऊन जाऊ?’ कोंडाबाईनं मांडी अजून घट्ट घातली. ‘ही माजी जागा हाय. तिला यायचं तर येऊ दी.’

रुपाली आली ती बोलतच आली. मोबाईल हातभर पुढं धरलेला, पदर डोक्यावरून नेटका, आणि आवाज कसा तर मधाचा. ‘तर मैत्रिनींनो, आज आपन आलोय परभनीला, एका लय मोठ्या म्याडमकडं, त्या आपल्या फॅन हायेत...’ आणि दार ढकलून तिनं मोबाईल आत फिरवला, तो थेट कोंडाबाईवर. आता जे झालं ते एवढ्या पटकन झालं की शिवरंजनीला पुढं कितीतरी दिवस ते मनातल्या मनात सावकाश चालवून बघावं लागलं. मोबाईल दिसताच कोंडाबाईचं तोंड आपोआप उजळलं, दोन्ही हात पुढं झाले, ‘ये गं माझ्या बाळा!’ आणि रुपालीही आपोआप वाकली, ‘माझी माय ती, किती वाट बगायला लावलं तुमाला!’ दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गळ्यात पडल्यावर दोघींच्या लक्षात आलं. रुपालीचा हात खाली आला. मोबाईल खाली गेला तसं कोंडाबाईचं हसू मालवलं, सुनेचं त्याच्याही आधी.

‘आत्याबाई, तुमी हितं काय करायलाव? डोळ्याच्या दवाखान्यात जाते मनल्या होत्या की.’

निराधार पेन्शनची चौकशी करायला आल्यात, असं वाक्य शिवरंजनीच्या जिभेवर तयार होतं. चांगलं होतं वाक्य, कुणालाही पटलं असतं. पण कोंडाबाई तिच्याआधी बोलली. ‘तुजी तक्रार सांगाय आलेय. दर गुरुवारी येते.’

रुपालीला आधी ते समजलंच नाही. मग तिचा चेहरा लाल झाला. ‘माजी तक्रार? काय कमी केलं मी तुमाला? समदी दुनिया मनायलीय, अशी सून घरोघरी असावी. खाली लोकायनं काय काय लिवलंय, वाचून दाखवू?’ ‘दुनियेला काय जातंय मनायला? दुनियेला तुज्या हातचं खायाचं न्हाई. घास तू मला घालतीस आन बगतीस मोबाईलकडं. कदी माज्या तोंडाकडं बगितलंस? मागं मला तोंड आलं होतं, तिखट सोसंना, डोळ्यातून पानी यायलं. तर लोकायनं लिवलं, सासूच्या डोळ्यात सुनंच्या मायेचं पानी!’ शिवरंजनीनं खाली बघितलं. त्या पाण्याला आपणही रडलो होतो, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. दार अर्धं उघडलं आणि फटीतून व्यंकटरावांचं डोकं आत आलं. ‘अरे वा! सासू-सून दोघी? हे तर फारच उत्तम! मंजुषा, लाइट आण. तुम्ही चालू ठेवा ताई, अगदी नॅचरल चाललंय...’

शिवरंजनी आजवर व्यंकटरावांसमोर मान वर करून बोलली नव्हती. तशी वेळही आली नव्हती. तिनं रुपालीच्या हातातला मोबाईल काढून घेतला, टेबलावरचा स्वतःचा उचलला, आणि दोन्ही त्यांच्या हातात दिले. ‘हे धरा सर. आत केस चालू आहे.’ ‘अहो पण मॅडम, यशोगाथा...’ तिनं दार लावलं आणि कडी घातली. कडी गंजलेली होती, मोठ्यानं खरखरली. मनात जरा भीती होती, पण गंमत म्हणजे त्या भीतीत तिला फार बरंही वाटत होतं. पलीकडं व्यंकटराव मंजुषाला काहीतरी विचारत होते.

खोलीत तिघी आणि मोबाईल एकही नाही. पंखा फिरत होता. रुपालीला हात कुठं ठेवावेत ते कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले, मग पदरात गुंडाळले. आणि मग तिचा आवाज आला, तो मघाचा मधाचा नव्हे, दुसराच, चिरका आणि फार लहान. ‘आन तुमी, आत्याबाई? मोबाईल लावला की बाळ, सोनं. बंद केला की ए. ए, पानी आन. ए, कोंबड्या झाक. ह्यांनी मेंढरं घेऊन गेले की दिवसचे दिवस घरात आपन दोगीच. एक सबूद बोलत न्हाईत तुमी माज्यासंगं. मी काय येड्यावानी भिताडासंगं बोलू? मंग मी मोबाईल लावते. लावला की तुमी हासता तरी. गालावरून हात फिरवता. मला माय न्हाई, तुमाला ठावं हाय.’ एवढं बोलून तिनं ओठ आवळून धरले. शिवरंजनीला शिकवलेली सगळी वाक्यं आठवली, मी समजू शकते, तुमच्या भावना, दोघींची बाजू. तिनं त्यांतलं एकही काढलं नाही. कोंडाबाई आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसली होती. शिव्या द्यायला शब्द शोधावेत तशी ती काहीतरी शोधत होती. मग भांडायला उठल्याच्या आवाजात तिनं विचारलं, ‘सकाळी जेवून निगालीस का?’

रुपालीनं पदर सारखा केला. उजेड खिडकीतून येत होता तिकडं तोंड वळवलं, हनुवटी जराशी वर घेतली, ओठ हसायला तयार झाले. मग तिला उमगलं की कुणी बघत नाहीये. तोंडावरचं सगळं उतरलं आणि एक दमलेली, उपाशी पोरगी उरली. ‘न्हाई,’ ती म्हणाली. ‘तुमची भाकर बांधली आन मंग एकलीसाठी करूच वाटंना.’

कोंडाबाईनं कमरेची पिशवी सोडली. आतून फडकं निघालं, फडक्यातून भाकरी. शिवरंजनीला ते बघायची फार इच्छा होती. म्हातारी अर्धी मोडते की सगळीच देते, हातात देते की तोंडात घालते, सून तिच्याकडं बघते का. तिनं पाठ फिरवली आणि खिडकीबाहेरच्या रस्त्याकडं बघत उभी राहिली. मागं भाकरी मोडल्याचा आवाज आला, मग चावल्याचा, घाईघाईनं, भुकेल्या माणसाचा.

‘ए,’ कोंडाबाई म्हणाली, ‘हळू खा.’